रिकाम्या जागा भरा

श्रोतेहो, मी बी. ए. झालेला, मराठीत कविता लिहिणारा माणूस. संगणकाच्या पोटातल्या प्रश्नोत्तरांवर हा काय बोलणार, असं तुम्हाला वाटलं तर त्यात गैर काही नाही. पण माझा भाचा याच कामात आहे, आणि त्याच्याकडून ऐकताना माझ्या लक्षात आलं की हा विषय मुळात व्याकरणाचा आहे. विरामचिन्हांचा तर आहेच आहे.

मोबाइलवर आपण काही शोधतो तेव्हा दूरच्या एका संगणकाकडे विनंती जाते. त्या पत्त्याच्या शेवटी बहुधा एक प्रश्नचिन्ह असतं आणि त्यापुढे जोड्या असतात : नाव बरोबर शेख, पान बरोबर २. ही विनंती स्वीकारणाऱ्या खिडकीला एपीआय म्हणतात. खिडकीमागे डेटाबेस, म्हणजे नोंदींचं भलंमोठं दप्तर. त्याला एसक्यूएल नावाच्या भाषेतलं वाक्य लागतं. आयबीएमच्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी ही भाषा १९७०च्या दशकात साध्या इंग्रजी वाक्यांच्या वळणावर घडवली. हेतू हा की प्रोग्रामिंग न शिकलेल्यालाही दप्तराला प्रश्न विचारता यावा. खिडकीवरचा प्रोग्राम आपले शब्द घेऊन या भाषेत वाक्य रचतो : ज्याचं नाव 'शेख' आहे त्याची नोंद दे.

आता त्या 'शेख'भोवतीची एकेरी अवतरणचिन्हं पाहा. ती आहेत म्हणून दप्तराला कळतं, की हुकूम कुठे संपला आणि नाव कुठे सुरू झालं. एखाद्यानं नावाच्या चौकटीत असं लिहिलं तर : शेख' किंवा १=१? त्यानं टाकलेल्या चिन्हानं अवतरण मध्येच बंद होतं, आणि 'किंवा' हा शब्द नावातून निसटून हुकमात जातो. पुढच्या शेपटाकडे दुर्लक्ष कर, असं सांगणारी खूणही त्या भाषेत आहे. चोर तीही जोडतो. दप्तर प्रत्येक नोंदीपाशी विचारतं, हा शेख आहे का, किंवा एक बरोबर एक आहे का? एक बरोबर एक नेहमीच असतो. सगळं दप्तर बाहेर येतं.

रेल्वेच्या आरक्षणाच्या फॉर्मवर प्रवाशाच्या नावापुढे कुणी 'शेख, आणि सगळ्या गाड्या रद्द करा' असं लिहिलं तर खिडकीवरचा बाबू हसेल. यंत्राला हसता येत नाही.

ही चोरवाट गुपित नव्हती. १९९८मध्ये 'फ्रॅक' या नियतकालिकात तिच्याविषयी उघड लिहून आलं होतं. तरी २०१५मध्ये ब्रिटनच्या टॉकटॉक या दूरध्वनी कंपनीत चोर याच वाटेनं शिरले. तिनं विकत घेतलेल्या दुसऱ्या एका कंपनीची जुनी पानं उघडी राहिली होती. सुमारे १ लाख ५७ हजार ग्राहकांची माहिती गेली. त्यांतल्या साडेपंधरा हजारांहून अधिक जणांच्या बँक खात्यांचे तपशीलही गेले. पुढच्या वर्षी तिथल्या माहिती आयुक्तांनी कंपनीला ४ लाख पौंड दंड केला.

यावर काही जण सोपा उपाय करतात : ते चिन्हच बंद करून टाकतात. माझे वसईचे एक स्नेही डिसोझा आडनावाचे. रोमन लिपीत ते 'डि'नंतर वर टांगलेला स्वल्पविराम देतात, आणि यंत्राच्या लेखी तेच अवतरणचिन्ह. एका संकेतस्थळानं त्यांना लाल अक्षरांत कळवलं : आपलं नाव अवैध आहे. बापजाद्यांचं नाव! माझ्या नावाचं स्पेलिंग दर कागदावर वेगळं असल्यानं त्यांचा संताप मला आतून समजला. शिवाय आकड्यांच्या चौकटीत अवतरण लागतच नाही, तिथे चोर चिन्हावाचूनही घुसतो. म्हणजे स्नेही बाहेर आणि चोर आत.

खरा उपाय आपण शाळेत शिकलो आहोत : रिकाम्या जागा भरा. प्रोग्रामनं पूर्ण वाक्य आधी दप्तराकडे द्यायचं, नावाच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह ठेवून. दप्तर त्याचं व्याकरण लावून घेतं. मग नाव वेगळं पाठवायचं. आता त्यात 'किंवा' असो, 'पुसून टाक' असो, दप्तर त्या नावाचा माणूस शोधतं. सापडला नाही तर नाही म्हणतं. डिसोझाही आपल्या चिन्हासकट सुखरूप आत जातात.

"पण मामू, सगळंच रिकाम्या जागेत बसत नाही," भाचा म्हणाला. यादी कशाच्या क्रमानं लावायची, नावाच्या की तारखेच्या, हे ग्राहक विचारतो तेव्हा रकान्याचं नाव वाक्याच्या व्याकरणातच येतं. तिथे प्रश्नचिन्ह चालत नाही. मग प्रोग्राम स्वतःजवळ यादी ठेवतो : नाव, तारीख, गाव. आलेला शब्द या तिघांपैकी असेल तर आपल्याकडचा शब्द वाक्यात घालायचा, ग्राहकाचा नव्हे. चौथा कुठला आला तर खिडकीवरूनच परत. आणि एका वेळी किती नोंदी द्यायच्या, त्याचीही कमाल आधीच ठरलेली, नाहीतर कुणी एक कोटी मागून खिडकीच बंद पाडायचा.