पूर्णा
महाराष्ट्र राज्याच्या परभणी जिल्ह्यातील त्याच नावाच्या तालुक्याचे ठिकाण व रेल्वे प्रस्थानक. हे परभणीच्या पूर्वेस सु. ३० किमी., पूर्णा नदीकाठी वसले आहे. या लहान गावाची वाढ मुख्यतः लोहमार्गामुळे झाली.

हैदराबाद संस्थानातील सिकंदराबाद–मनमाड हा मीटरमापी लोहमार्ग १९०० च्या सुमारास वाहतुकीस खुला झाला. गोदावरी खोऱ्यातील कापूस व धान्य त्यामुळे दूरच्या बाजारपेठांत जाऊ लागले. मात्र मनमाडला मुंबईकडील रुंदमापी मार्ग असल्याने तेथे माल एका गाडीतून दुसरीत भरावा लागे. १९१२ मध्ये पूर्णेहून हिंगोलीपर्यंत फाटा काढण्यात आला आणि पूर्णा संधिस्थानक बनले. स्वातंत्र्योत्तर काळात हा फाटा अकोल्यावरून खांडव्यापर्यंत वाढविण्यात आल्याने राजस्थान व दक्षिण भारत यांना जोडणाऱ्या सलग मीटरमापी मार्गावर पूर्णा आले. जयपूर–काचीगुडा मीनाक्षी एक्सप्रेस याच मार्गाने धावे. अकोल्याकडून नांदेडकडे जाणाऱ्या गाड्यांची दिशा येथे बदलत असल्याने एंजिन दुसऱ्या टोकास जोडावे लागे. एंजिनांची शेड व कर्मचाऱ्यांची वसाहत यांमुळे गावातील अनेक कुटुंबांची उपजीविका रेल्वेवर अवलंबून राहिली.

मनमाड–औरंगाबाद (सध्याचे छत्रपती संभाजीनगर) हा टप्पा १९९२ मध्ये रुंदमापी झाला व पुढे हे काम पूर्णेपर्यंत पोहोचले. पूर्णा–अकोला मार्गाचे रूपांतर २००८ मध्ये झाले. प्रवाशांना यामुळे मुंबई व दक्षिणेकडील शहरांशी थेट संपर्क लाभला; पण मीटरमापी एंजिनांच्या देखभालीवर आधारलेले गावाचे जुने महत्त्व ओसरले. अकोल्यापलीकडील मेळघाटातून जाणारी मीटरमापी वाहतूक २०१७ मध्ये बंद झाली. व्याघ्र प्रकल्पातून रुंदमापी मार्ग नेण्यास वन्यजीवांच्या दृष्टीने आक्षेप घेतले गेले. पूर्णा हे २००३ मध्ये स्थापन झालेल्या नांदेड रेल्वे विभागात मोडते.

लोहमार्गाचा लाभ जिल्ह्यास सारखा मिळाला नाही. याच नदीवर जिंतूर तालुक्यात येलदरी येथे १९६८ मध्ये धरण पूर्ण होऊन जलविद्युत् केंद्रही उभे राहिले. तथापि जिंतूर व येलदरी लोहमार्गापासून दूरच राहिली असून तेथील लोकांना आगगाडीसाठी परभणी अथवा हिंगोली गाठावे लागते.