घरचे सागरी मत्स्यालय : आधी पाणी, मग मासा

किनारपट्टीच्या गावांतून काचेच्या टाकीत मासे पाळण्याची हौस आता नवी राहिलेली नाही. शाळेच्या वर्गात, दवाखान्यात, पर्यटकांना उतरण्यास खोल्या देणाऱ्या घरांच्या ओटीवर अशा टाक्या दिसतात. परंतु समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही टाकीत मात्र गोल्डफिश, गप्पी असे गोड्या पाण्यातलेच मासे असतात. खाऱ्या पाण्यातील शोभिवंत मासे घरी जगत नाहीत, अशी समजूत त्यामागे आहे. ती सर्वस्वी खोटी नाही. मात्र मासे का जगत नाहीत याचे जे कारण सांगितले जाते, ते बहुधा चुकीचे असते.

साधारणतः घडते ते असे. शनिवारी टाकी आणली जाते, रविवारी तीत खारे पाणी भरले जाते आणि त्याच संध्याकाळी दोन नारिंगी-पांढरे क्लाउन मासे व एखादा निळा डॅमसेल तीत सोडला जातो. दोन दिवस मासे उत्साहाने पोहतात. चौथ्या-पाचव्या दिवशी ते पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन जलद श्वास घेऊ लागतात, खाद्याकडे पाहत नाहीत आणि आठवडा उलटण्याच्या आत मरतात. दोष विक्रेत्याला, मिठाला किंवा नशिबाला दिला जातो. प्रत्यक्षात ते मासे स्वतःच्याच शरीरातून बाहेर पडलेल्या अमोनियाने मेलेले असतात.

शेतकऱ्यास हे कोडे उलगडणे कठीण जाऊ नये. जमिनीत युरिया टाकला म्हणजे त्याचा प्रथम अमोनिया होतो. मग एका जातीचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात व दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. पिके आपला नत्र मुख्यतः या शेवटच्या रूपात घेतात. टाकीतही हाच क्रम चालतो. माशाच्या कल्ल्यांतून अमोनिया पाण्यात येतो, न खाल्लेले खाद्य कुजूनही तो तयार होतो. सागरी पाणी विम्लधर्मी असते. त्याचा सामू ८.१ ते ८.३ च्या आसपास असतो आणि अशा पाण्यात तेवढाच अमोनिया गोड्या पाण्यापेक्षा अधिक विषारी ठरतो. जुन्या टाकीतील दगडांवर व वाळूच्या कणांवर जिवाणूंचा थर जमलेला असतो, म्हणून तेथे अमोनिया साचत नाही. नव्या टाकीत तो थर नसतो. नवे पाणी दिसावयास कितीही स्वच्छ असले तरी ते खडकाळ, नापीक जमिनीसारखेच होय.

यास्तव टाकी भरल्यानंतर चार ते सहा आठवडे तीत मासा सोडू नये. या अवधीत जिवाणूंची वाढ करून घ्यावी. त्यासाठी एक सोललेली कोळंबी पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधून पाण्यात ठेवावी व पाणी खेळते ठेवावे. कोळंबी कुजू लागली की अमोनिया वाढतो, नंतर तो उतरून नायट्राइट वाढते आणि अखेरीस दोन्ही शून्यावर येऊन केवळ नायट्रेट उरते. हे बदल डोळ्यांना दिसत नाहीत. पाण्यात थेंब टाकून रंग पाहण्याच्या ज्या परीक्षण पेट्या बाजारात मिळतात, त्यांनी ते कळतात. मृदापरीक्षणाचा नमुना घेण्याचे शिक्षण ज्या ग्रामसेवकास मिळाले आहे, त्यास ही पेटी वापरणे अर्ध्या तासात साधते. शेजारी किंवा शाळेत एखादी जुनी, निरोगी सागरी टाकी असेल, तर तिच्यातील मूठभर वाळू विरजणासारखी घालावी. काही दिवस वाचतात. या महिना-दीड महिन्यात घरातील मुले रोज एकच प्रश्न विचारतात आणि वडील मंडळीही अधीर होतात. बहुतेक टाक्या याच ठिकाणी बिघडतात.

टाकी व जागा

नवशिक्याने टाकी फार लहान घेऊ नये. लहान टाकी स्वस्त पडते, परंतु तिच्यात मीठ, उष्णता आणि घाण यांचे प्रमाण फार झपाट्याने बदलते. तीन फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच टाकीत काठोकाठ न भरता सुमारे १७० लिटर पाणी राहते. काच, वाळू व दगड धरून तिचे वजन अडीचशे किलोच्या घरात जाते. भिंतीतील फळी किंवा जुने टेबल हा भार सोसणार नाही; सपाट, मजबूत घडवंची किंवा चिरेबंदी ओटा हवा. टाकी खिडकीच्या उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नये. पाण्याचे तापमान २५ ते २८ अंश सेल्सियस असावे. एप्रिल-मे महिन्यांत ते तिशीपलीकडे जाऊ लागल्यास झाकण काढून पृष्ठभागावर लहान पंख्याचा वारा सोडावा. बाष्पीभवनाने पाणी दोन अंशांनी तरी उतरते.

मिठाचा प्रश्न

किनाऱ्यावरील शेतकऱ्याच्या मनात येणारी पहिली कल्पना ही की, मिठागरातील मीठ गोड्या पाण्यात विरघळवले म्हणजे समुद्राचे पाणी तयार झाले. असे होत नाही. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात व त्यांपैकी साधे मीठ सुमारे तीन-चतुर्थांशच असते. मिठागरात पाणी आटू लागले की प्रथम चुन्याचे क्षार व जिप्सम तळाशी बसतात, मग मिठाचे स्फटिक धरतात आणि मॅग्नेशियमचे क्षार मागे उरलेल्या कडू पाण्यात राहतात. म्हणजे जे मीठ हाती येते त्यातून गोगलगाई, कोळंबी व शैवाल यांस आवश्यक असलेले कॅल्शियम व मॅग्नेशियम निघून गेलेले असते. शिंपल्याचे कवच ज्या द्रव्याचे बनते, ते द्रव्य त्यात नसते.

मार्ग दोन आहेत. मत्स्यालयासाठी तयार केलेले मिश्र सागरी मीठ आणून ते क्लोरीन नसलेल्या, गाळलेल्या पाण्यात विरघळवावे. वर सांगितलेल्या टाकीस ते सुमारे सहा किलो लागेल. अथवा प्रत्यक्ष समुद्राचे पाणी आणावे. दुसरा मार्ग अल्पखर्ची आहे, पण त्यास ऋतूचे बंधन आहे. पावसाळ्यात नद्यांच्या मुखाशी आणि खाडीत गोडे पाणी मिसळून खारटपणा फार उतरतो, पाणी गढूळ होते व शेतांतून वाहून आलेली द्रव्ये त्यात असतात. पाणी पावसाळा सरल्यावर, खाडीपासून दूर, भरतीच्या वेळी भरावे. बंदराजवळ होड्यांच्या तेलाचा तवंग असतो, तेथे भरू नये. ते कापडातून गाळून झाकलेल्या प्लास्टिकच्या पिंपात काही दिवस निवळू द्यावे. तांब्या-पितळेचे भांडे या कामी चालणार नाही. हायड्रोमीटरवर पाण्याचे विशिष्ट गुरुत्व १.०२३ ते १.०२६ च्या दरम्यान यावे.

याच संदर्भात आणखी एक चूक सर्रास होते. टाकीतील पाणी रोज थोडे उडून जाते व त्या जागी लोक खारे पाणी भरतात. उडते ते पाणी. मीठ मागेच राहते. त्यामुळे खारे पाणी भरत गेल्यास महिन्याभरात टाकीतील पाणी समुद्रापेक्षा किती तरी खारट होते. रोजची भरती गोड्या पाण्याचीच करावी. काचेवर रंगाची बारीक रेघ ओढून ठेवल्यास घरातील कोणीही हे काम करू शकतो. पंधरवड्यातून एकदा मात्र टाकीतील पाचवा हिस्सा पाणी काढून तितकेच ताजे खारे पाणी घालावे, म्हणजे साचलेले नायट्रेट कमी होते.

प्रवाळाविषयी

सागरी मत्स्यालय म्हटले की चित्रांतील रंगीबेरंगी प्रवाळभित्ती डोळ्यांसमोर येते. जकार्ता येथील ली चिन एंग यांनी १९६१ साली आपली पद्धत प्रसिद्ध केली. जिवंत जिवाणू व किडे असलेला समुद्रातील खडक टाकीत ठेवून केवळ हवेच्या बुडबुड्यांनी पाणी हलते ठेवायचे, असे तिचे स्वरूप होते. पुढे या 'जिवंत खडका'वर जगभर प्रवाळ-मत्स्यालये उभी राहिली. जिवाणूंचे काम खडकाकडे सोपविणे ही त्यातील खरी शिकवण होती. पण तिचा दुसरा परिणाम असा झाला की टाक्यांसाठी प्रवाळ व प्रवाळखडक समुद्रातून खणले जाऊ लागले.

भारतात हे करता येत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूचीत २००१ साली सर्व दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्या यांचा समावेश झाला. ते पकडणे, तोडणे, विकणे हा गुन्हा आहे, आणि वाळूत सापडलेला सुका तुकडा उचलून टाकीत सजावटीस ठेवणेही योग्य नाही. मालवणच्या किनाऱ्यालगत १९८७ साली घोषित झालेल्या सागरी अभयारण्यात प्रवाळ आहेत. गोलसर वाढणारा दगडी प्रवाळ वर्षाकाठी सुमारे एक सेंटिमीटरच वाढतो. हातभर रुंदीचा गोळा एका पहारीच्या घावाने फुटला, तर तो भरून येण्यास एका माणसाचे आयुष्य जाईल. शिवाय प्रवाळाच्या ऊतींत सूक्ष्म शैवाल राहतात व त्यांना प्रखर प्रकाश लागतो. घरच्या साध्या दिव्याखाली तोडून आणलेला प्रवाळ काही आठवड्यांत पांढरा पडून मरतो. इतके करून हाती काहीच उरत नाही.

भित्तीचे काम मानवनिर्मित दगडाने उत्तम भागते. सच्छिद्र भाजलेल्या मातीचे किंवा सिरॅमिकचे ठोकळे एकमेकांवर असे रचावेत की मधून पाणी खेळेल व माशांना लपावयास कपारी मिळतील. सिमेंटचे ठोकळे घरी ओतल्यास ते कित्येक आठवडे गोड्या पाण्यात भिजवून, पाणी वरचेवर बदलून मगच वापरावेत. नाहीतर चुन्यामुळे सामू वाढतो. जांभ्याचा चिरा हाताशी असतो खरा, परंतु त्यात लोह असते, म्हणून तो टाळलेला बरा. तळाशी धुतलेली शिंपल्यांची रेती पसरावी. वर्षभरात या दगडांवर गुलाबी, जांभळे व हिरवे शैवाल चढते आणि ते बनावट होते याची आठवणही राहत नाही.

टाकीत काय सोडावे

क्लाउन मासा या कामी सर्वांत योग्य होय. कोची येथील केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याच्या पैदाशीचे तंत्र बसविले आहे, आणि पैदास केंद्रात जन्मलेला मासा टाकीतील पाण्यास व कोरड्या खाद्यास आधीच सरावलेला असतो. खरेदी करताना मासा कोठे जन्मला, हे विचारावे. या माशास जगण्यासाठी समुद्रपुष्पाची गरज नसते. समुद्रपुष्प नाजूक असते व नव्या टाकीत ते टिकत नाही. या माशाची एक मौज सांगण्याजोगी आहे. सर्व पिल्ले प्रथम नर होतात, आणि जोडीतील मोठा मासा मादी बनतो. मादी मेल्यास तिचा नर पुढे मादी होतो. म्हणून दोन लहान मासे एकत्र वाढविले की जोडी आपोआप जमते. अंडी दगडाला चिकटविलेली असतात, नर त्यांना पंखांनी वारा घालतो आणि सुमारे आठवडाभराने रात्री ती फुटतात. पिल्ले जगविण्यास मात्र रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव वेगळे वाढवावे लागतात. जोडधंदा म्हणून पाहणाऱ्यांनी हे काम आधी एखाद्या पैदास केंद्रात शिकून घ्यावे.

वरील टाकीत पहिल्या वर्षी चार-पाचपेक्षा अधिक लहान मासे नसावेत. प्रथम एक जोडी सोडावी, तीन आठवडे पाण्याची परीक्षा करावी, मग पुढची. सोबत काही सागरी गोगलगाई व शंखातील लहान खेकडे असल्यास ते काचेवरील शेवाळ व सांडलेले खाद्य खातात. दिवसातून दोन वेळा, दोन मिनिटांत संपेल इतकेच खाद्य द्यावे. पाहुणा आला की त्याला मासे वर येताना दाखविण्यासाठी चिमूटभर अधिक टाकले जाते, तेच पुढे अमोनिया होते. पावसाळ्यात लाटांबरोबर किनाऱ्यावर जो पिवळसर फेस येतो, तसा फेस बनवून घाण बाहेर काढणारे यंत्र, म्हणजे स्किमर, मिळते. खर्च झेपत असेल तर ते घ्यावे. मासे थोडे असतील तर त्यावाचून चालते.

सुपारीच्या बागायतदारांनी एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. कोळेरोगावर फवारावयाच्या बोर्डो मिश्रणात मोरचूद असते व त्यातील तांबे गोगलगाई, खेकडे आणि कोळंबी यांना अत्यल्प प्रमाणातही मारक ठरते. फवारणीहून आलेला हात साबणाने धुतल्याविना टाकीत घालू नये आणि फवारणीची बादली पाणी बदलण्यास कधीही वापरू नये. डासांची कांडी व फवारे यांतील पायरेथ्रॉइड द्रव्येही हवेच्या पंपातून थेट पाण्यात जातात. ज्या खोलीत टाकी आहे, तेथे रात्री मच्छरदाणीच बरी.

वीज गेल्यावर टाकीतील पाणी स्थिर होते व प्राणवायू झपाट्याने घटतो. त्यासाठी बॅटरीवर चालणारा लहान हवापंप नेहमी तयार ठेवावा. तो नसल्यास दर पंधरा मिनिटांनी लोटाभर पाणी काढून ते हातभर उंचीवरून परत ओतावे. प्लास्टिकचा लोटा घ्यावा. वीज परत येईपर्यंत खाद्य देऊ नये.

पंधरवड्याला निघणारे तीस-पस्तीस लिटर खारे पाणी परसबागेत ओतू नये. नायट्रेट असल्याने ते खतासारखे उपयोगी पडेल असे वाटते, पण त्यातील मीठ वांगी-मिरचीची जागा बिघडवील. जुना माड थोडासा क्षार सोसतो, तथापि दर पंधरवड्याला त्याच एका माडाच्या आळ्यात ते ओतणेही ठीक नाही.