शोधयंत्रांनुसार संकेतस्थळावरील वर्दळीत पडणारा फरक : राळेगाव तालुक्यातील कापूस-भावाच्या शोधाच्या संदर्भात

बीजसंज्ञा : शोधयंत्र, संकेतस्थळ, युनिकोड, मराठी भाषा, स्थळनाम, हमीभाव

प्रस्तावना :

यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव हा प्रामुख्याने कापूस उत्पादकांचा तालुका होय. काळी जमीन, कोरडवाहू शेती, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आणि कृषी उत्पन्न बाजार समितीचे आवार यांच्याभोवती येथील अर्थव्यवहार फिरत असतो. वेचणी सुरू झाली की 'आज भाव काय निघाला?' हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. पूर्वी या प्रश्नाचे उत्तर व्यापाऱ्याकडून, आकाशवाणीवरील बाजारभावांतून किंवा दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातून मिळत असे. भ्रमणध्वनी व आंतरजाल खेड्यापर्यंत पोहोचल्यानंतर तोच प्रश्न शोधयंत्राच्या चौकटीत टंकला जाऊ लागला.

अशा भावांची माहिती देणारे एखादे संकेतस्थळ कल्पिले तर त्याच्या चालकास लवकरच एक विलक्षण गोष्ट दिसून येते. मजकूर तोच, पान तेच, दिवसही तोच. परंतु एका शोधयंत्राकडून शेकडो वाचक येतात आणि दुसऱ्याकडून चार-दोन. काही महिन्यांनी हे प्रमाण उलटतेही. हा शोधयंत्राचा लहरीपणा आहे, अशी सर्वसाधारण समजूत असते. वास्तविक या फरकास निश्चित कारणे आहेत, आणि त्यांपैकी काही मराठी भाषेच्या घडणीतच दडलेली आहेत. प्रस्तुत लेखात त्यांचा विचार केला आहे.

शोधयंत्र म्हणजे संपूर्ण आंतरजाल नव्हे :

शोधयंत्र प्रश्न विचारल्या क्षणी जगभरातील संकेतस्थळे धुंडाळत नाही. 'क्रॉलर' या नावाने ओळखली जाणारी प्रणाली आधीच दुव्यांवरून दुव्यांवर जात पाने गोळा करते. त्या पानांतील शब्दांची सूची तयार होते. वापरकर्त्याने शब्द टंकले की या सूचीतून पाने निवडून त्यांचा क्रम लावला जातो. ग्रंथाच्या शेवटी असलेल्या शब्दसूचीशी याची तुलना करता येईल. फरक इतकाच की येथे प्रत्येक ग्रंथपालाची सूची वेगळी असते. गूगलचा क्रॉलर वेगळा, बिंगचा वेगळा, रशियातील यांडेक्सचा वेगळा. संकेतस्थळाच्या सर्व्हरवरील 'रोबॉट्स' नावाच्या छोट्या फाइलीत किंवा सुरक्षा-व्यवस्थेत एखाद्या क्रॉलरला अटकाव केलेला असेल, तर त्या शोधयंत्राच्या दृष्टीने ते संकेतस्थळ अस्तित्वातच नसते. चालकास अनेकदा याचा पत्ताही नसतो.

मात्र नावे वेगळी म्हणजे सूची वेगळी, असेही नेहमी नसते. याहू जून २००० पासून फेब्रुवारी २००४ पर्यंत गूगलचेच निकाल दाखवीत होते. त्यानंतर त्यांनी स्वतःचे तंत्र वापरले आणि जुलै २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टशी करार केल्यानंतर ते बिंगच्या निकालांकडे वळले. २००८ मध्ये सुरू झालेले डकडकगोही पारंपरिक दुव्यांसाठी मोठ्या प्रमाणात बिंगवर अवलंबून आहे. म्हणूनच बिंगच्या सूचीतून एखादे पान गळाले की तीन ठिकाणची वर्दळ एकाच वेळी ओसरते आणि चालकास तीन वेगळी संकटे आल्याचा भास होतो.

वापरकर्त्यांची संख्या व स्थान यांचा गुणाकार :

भारतातील शोधांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक शोध गूगलवर होतात. यामागे केवळ गुणवत्ता आहे असे म्हणता येणार नाही. ग्रामीण भागातील बहुतांश दूरध्वनी अँड्रॉइड प्रणालीवर चालतात व त्यांत गूगल आधीपासूनच बसविलेले असते. बिंगचे वाचक मुख्यतः विंडोज संगणकावरील एज न्याहाळकातून, म्हणजे कार्यालये, महाविद्यालये व सेवा केंद्रे यांतून येतात. पूर्वनिश्चित पर्यायाचे आर्थिक मोल किती असते, हे अमेरिकेतील न्यायालयाच्या ऑगस्ट २०२४ मधील निर्णयातून स्पष्ट झाले. गूगलने शोधसेवेतील मक्तेदारी बेकायदेशीरपणे टिकविली असे त्यात म्हटले आहे, आणि आपले शोधयंत्र पूर्वनिश्चित राहावे यासाठी २०२१ या एका वर्षात त्या कंपनीने २,६३० कोटी डॉलर दिल्याचे नमूद आहे. भारतातही ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडसंबंधीच्या प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला होता.

तरीही मोठे शोधयंत्र अधिक वाचक देतेच असे नाही. समजा, एखाद्या विषयावर १,००० शोध झाले. त्यांपैकी ९५० पहिल्या शोधयंत्रावर व ५० दुसऱ्यावर. पहिल्यावर आपले पान दुसऱ्या पृष्ठावर असेल आणि शंभरातील एकच जण तेथवर जाऊन दुवा उघडत असेल, तर सुमारे १० वाचक मिळतील. दुसऱ्यावर तेच पान प्रथम क्रमांकावर असून शंभरातील ३० जणांनी ते उघडले, तर १५ वाचक येतील. आकडे कल्पित असले तरी वर्दळ ही वापरकर्ते, क्रम व दुवा उघडण्याचे प्रमाण या तिहींचा गुणाकार असते, हे यावरून ध्यानात यावे.

मराठीचा प्रश्न :

क्रम कसा लागतो, हा यातील खरा गुंतागुंतीचा भाग होय. १९९८ मध्ये लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांनी इतर पानांकडून येणाऱ्या दुव्यांना मताचे मूल्य देणारी 'पेजरँक' ही पद्धत मांडली. आज प्रत्येक शोधयंत्र अशा असंख्य निकषांचा मेळ घालते व त्यांचे वजन वेगवेगळे ठेवते. परंतु इंग्रजी पानांच्या बाबतीत जे पुरेसे ठरते ते मराठीस पुरत नाही.

प्रथम लिपीच्या संकेतनाचा विचार करावा लागेल. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासूनच स्थान असले, आणि विंडोज २००० पासून संगणकावर तिची सोय झाली असली, तरी २००० नंतरच्या दशकात बरीचशी मराठी संकेतस्थळे स्वतंत्र फाँटांवर चालत होती. अशा फाँटात पडद्यावर 'मराठी' दिसते. संगणकाच्या स्मृतीत मात्र इंग्रजी अक्षरे असतात. कृतिदेव फाँटात 'मराठी' हा शब्द म्हणजे ई, जे, के, बी, एच या पाच रोमन अक्षरांची ओळ. शोधयंत्र हीच ओळ वाचते व निरर्थक म्हणून सोडून देते. विदर्भातील महाविद्यालयीन वर्तुळात हा अनुभव नवा नाही. कृतिदेवमध्ये टंकलेला शोधनिबंध पीडीएफ स्वरूपात प्रसिद्ध झाला, तर त्यातील संशोधन कितीही मोलाचे असो, मराठी शब्दांनी शोधणाऱ्यास ते सापडण्याची शक्यता जवळजवळ नसते. छापील मजकुराची केवळ छायाप्रत जोडलेली असेल तर शोधयंत्राला चित्रातील अक्षरे ओळखावी लागतात, आणि हे कौशल्य सर्वांकडे सारखे नाही.

युनिकोड स्वीकारल्याने प्रश्न संपतो, असेही नाही. 'शेतकऱ्यांना' या शब्दातील रफाराचे उदाहरण घेता येईल. हे अक्षर काही कळफलक स्वतंत्र 'ऱ' वापरून उमटवितात, तर काही साधा 'र', हलंत व एक अदृश्य जोडचिन्ह यांच्या साहाय्याने. वाचकाला दोन्ही रूपे सारखी दिसतात. संगणकास ती दोन भिन्न शब्द वाटतात. जे शोधयंत्र सूची करताना ही रूपे एकत्र आणते त्याच्याकडे दोन्ही प्रकारची पाने सापडतात, जे आणीत नाही त्याच्याकडे निम्मी. ज्या विषयात हा शब्द पावलोपावली येतो, त्यात या किरकोळ वाटणाऱ्या बाबीचा परिणाम लहान नसतो.

याहून महत्त्वाची बाब म्हणजे मराठीतील सामान्यरूप. 'कापूस' या शब्दाला प्रत्यय लागताच तो 'कापसाचा', 'कापसाला', 'कापसात' असा होतो. येथे केवळ शेवटी प्रत्यय जोडला जात नाही, तर मूळ शब्दच बदलतो. इंग्रजीतील अनेकवचनाचा प्रत्यय काढून टाकण्याची युक्ती येथे उपयोगी पडत नाही. 'कापूस भाव' असे शोधणाऱ्या शेतकऱ्यास 'कापसाचे दर' असे शीर्षक असलेले पान दाखवावयाचे, तर शोधयंत्राला सामान्यरूपही कळले पाहिजे आणि भाव व दर हे येथे समानार्थी आहेत हेही. शिवाय 'भाव' या शब्दाचा काव्यशास्त्रातील अर्थ वेगळाच आहे! गूगलने बर्ट ही भाषा-प्रणाली डिसेंबर २०१९ मध्ये मराठीसह ७० हून अधिक भाषांतील शोधांना लागू केली. जेथे शोधयंत्र शब्दाच्या नेमक्या रूपावर अधिक भिस्त ठेवते, तेथे शीर्षकात 'कापूस भाव' हेच शब्द असलेले पान पुढे जाते. जेथे आशय ओळखला जातो, तेथे ते मागेही पडू शकते.

याशिवाय अनेक वापरकर्ते मराठी शब्द रोमन लिपीत टंकतात. 'ळ'साठी रोमन लिपीत अक्षर नाही, त्यामुळे राळेगावचे लेखन एकापेक्षा अधिक प्रकारे होते. देवनागरीतही 'गाव' व 'गांव' ही दोन्ही वळणे आढळतात. आकडे व नावे एवढाच मजकूर असलेले भावपत्रकाचे पान तर काही वेळा हिंदी म्हणून गणले जाते, कारण ते मराठी आहे हे सांगणारे 'आहे', 'आणि' यांसारखे शब्दच त्यात नसतात.

स्थळनामांचा घोटाळा :

राळेगाव या नावास अहिल्यानगर जिल्ह्यातील राळेगण सिद्धी हे जगप्रसिद्ध गाव अगदी जवळचे आहे. चुकीचे शुद्धलेखन दुरुस्त करू पाहणारे शोधयंत्र, विशेषतः रोमन लिपीतील शोधात, कापूस विचारणाऱ्यास अण्णा हजारे यांच्या गावाकडे नेऊ शकते. शेजारच्या कळंब तालुक्याची स्थिती अधिक बिकट आहे. कारण त्याच नावाचा तालुका धाराशिव जिल्ह्यात आहे. राळेगाव तालुक्यातील महामार्गावरच्या वडकीचे नावबंधू गाव पुण्याजवळ आहे. वापरकर्त्याच्या ठिकाणाची माहिती ज्या शोधयंत्राकडे अचूक असते, ते या संदिग्धतेतून वाट काढते. दूरध्वनीवरील शोधात ही माहिती बहुधा उपलब्ध असते. संगणकावरील शोधात मात्र जोडणी देणाऱ्या कंपनीचे शहर, म्हणजे नागपूर किंवा मुंबई, हेच वापरकर्त्याचे ठिकाण समजले जाण्याची शक्यता असते.

संक्षेपांचीही हीच गत. राळेगावात 'सीसीआय' म्हटले की भारतीय कापूस महामंडळाचे खरेदी केंद्र डोळ्यांपुढे येते. दिल्लीतील विधिज्ञास तीच अक्षरे वर उल्लेखिलेल्या स्पर्धा आयोगाची वाटतात. कोणता अर्थ अभिप्रेत आहे, हे शोधयंत्र पूर्वीच्या वापरकर्त्यांनी कोणते दुवे उघडले यावरून शिकते. ज्याच्याकडे ग्रामीण विदर्भातून फारसे शोध येतच नाहीत, त्याला शिकण्यास सामग्रीही मिळत नाही. त्यामुळे त्याचे निकाल निकृष्ट राहतात, वापरकर्ते वाढत नाहीत, आणि हे चक्र तसेच चालू राहते.

ताजेपणा आणि त्याची किंमत :

भावाचे पान रोज बदलते. क्रॉलर मात्र प्रत्येक पानाकडे रोज येत नाही. जी पाने लोकप्रिय व वारंवार बदलणारी असतात त्यांच्याकडे तो वारंवार येतो. छोट्या, संथ सर्व्हरवरील पानास आठवडेही वाट पाहावी लागते. ऑक्टोबर २०२१ मध्ये बिंग व यांडेक्स यांनी 'इंडेक्सनाऊ' ही पद्धत आणली; तीत संकेतस्थळ स्वतःच बदलाची वर्दी देते. गूगलने ती स्वीकारलेली नाही. म्हणून नवे पान बिंगवर तत्काळ दिसते आणि गूगलवर उशिरा, असे घडू शकते. उलट जुने पान वर्षानुवर्षे दुवे जमवीत राहिल्यामुळे नव्या पानाच्या वरही ठाण मांडून बसते.

याचा परिणाम केवळ संकेतस्थळाच्या आकडेवारीपुरता मर्यादित नाही. २०२४-२५ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,१२१ रुपये व लांब धाग्याचा ७,५२१ रुपये होता. २०२५-२६ साठी तो अनुक्रमे ७,७१० व ८,११० रुपये झाला. दोन्ही प्रकारांत वाढ ५८९ रुपयांची. आदल्या वर्षाचे पान वर दिसले आणि तोच भाव खरा मानून एखाद्या शेतकऱ्याने खेडा खरेदीत २० क्विंटल कापूस त्या दराने दिला, तर हमीभावाच्या तुलनेत त्याचे ११,७८० रुपये बुडतात. ओलाव्याच्या प्रमाणानुसार प्रत्यक्ष दरात होणारी घट हा वेगळा विषय. परंतु सौद्याच्या वेळी हाती चुकीचा आकडा असणे म्हणजे सौदा अर्धा हरणेच होय. भावाच्या पानावर हंगामाचे वर्ष शीर्षकातच द्यावे आणि जुन्या पानावरून नव्याकडे दुवा द्यावा, या साध्या उपायांकडे अनेक चालक दुर्लक्ष करतात, हे खेदजनक आहे.

मोजमापातील फरक :

शेवटी, दिसणारा सर्वच फरक खरा असतो असे नाही. सर्व्हरच्या नोंदवहीत माणसांबरोबर क्रॉलरांच्या भेटीही जमा होतात. काही शोधयंत्रे व न्याहाळक वाचक कोठून आला हे सांगत नाहीत. असा वाचक 'थेट आलेला' म्हणून मोजला जातो. व्हॉट्सॲपवरील गटात फिरलेला दुवाही बहुधा याच खात्यात जातो. ऑगस्ट २०२४ पासून गूगलने भारतातही निकालांच्या वर कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला गोषवारा दाखविण्यास प्रारंभ केला. असा गोषवारा जेथे दिसतो तेथे वाचकास उत्तर तेथेच मिळते व तो संकेतस्थळापर्यंत येत नाही. अशा वेळी क्रम कायम राहूनही वर्दळ घटते.

यासाठी 'गूगल सर्च कन्सोल' व 'बिंग वेबमास्टर टूल्स' या दोन्ही विनामूल्य साधनांतील आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावे लागतात. पान सूचीत आहे काय, ते किती वेळा दाखविले गेले, कोणत्या शब्दांसाठी व कितव्या क्रमांकावर, आणि त्यांपैकी किती वेळा उघडले गेले, हे त्यांतून कळते. पान दाखविलेच गेले नसेल तर दोष क्रॉलरच्या वाटेत किंवा लिपीत शोधावा. दाखविले जाऊनही उघडले गेले नसेल तर शीर्षकात. 'राळेगाव' टंकणाऱ्यास आपले पान दिसते पण 'राळेगांव' टंकणाऱ्यास दिसत नाही, असे आढळल्यास मजकुरात एके ठिकाणी दुसरे रूपही ओघाने आणणे पुरेसे ठरू शकते.