ठेवणें आणि राखणें : इंग्रजी 'कीप' या क्रियापदाचा विचार

इंग्रजी रचनेच्या वह्या तपाशीत असतां एक वाक्य आमच्या दृष्टीस फार वेळां पडतें. तें असें : 'आय केप्ट द बुक ऑन द टेबल.' विद्यार्थ्याच्या मनांत असतें, 'मीं पुस्तक मेजावर ठेवलें.' या वाक्यांत व्याकरणाची चूक नाहीं, शब्दहि सर्व इंग्रजीच आहेत. तरी ज्याची मातृभाषा इंग्रजी आहे त्यास यावरून निराळाच अर्थ कळतो. त्यास वाटतें कीं, या मुलानें तें पुस्तक पुष्कळ दिवस मेजावरच राहूं दिलें, किंवा त्याची तशी नित्याची वहिवाट होती. एका शब्दानें एवढा फरक कां पडावा, याचा विचार या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या चुकीचें मूळ आपल्या मराठींत आहे. आपलें 'ठेवणें' हें क्रियापद दोन कामें करितें. हातांतील वस्तु एखाद्या जागीं सोडणें, हें एक. ती तेथेंच किंवा त्याच स्थितींत राहूं देणें, हें दुसरें. 'घागर खालीं ठेव' यांत पहिलें काम आहे. 'घागर नेहमीं झांकून ठेव' यांत दुसरें. इंग्रजीनें हीं दोन कामें दोन शब्दांस वांटून दिलीं आहेत. पहिल्यास 'पुट' म्हणतात, दुसऱ्यास 'कीप'. 'पुट' ची क्रिया क्षणांत संपते. 'कीप' ची क्रिया पुढें चालू राहते. संशय पडल्यास वाक्यांत 'नेहमीं' किंवा 'पुष्कळ वेळ' हे शब्द घालून पाहावे. ते शोभले तर 'कीप' लिहावें, न शोभले तर 'पुट'. 'मीं पुस्तक मेजावर ठेवलें आणि खेळावयास गेलों' यांत 'नेहमीं' शोभत नाहीं. म्हणून तेथें 'पुट' पाहिजे. 'पुट' चें रूप भूतकाळींहि 'पुट' असेंच राहतें. 'कीप' चें मात्र 'केप्ट' होतें, हेंहि ध्यानांत असावें.

या दोन शब्दांचें उत्तम उदाहरण आमच्या विद्यार्थ्यांच्या परिचयाच्या ग्रंथांत आहे. इ. स. १६११ च्या इंग्रजी बायबलांत, उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायांतील पंधराव्या वचनांत, दोन्ही क्रियापदें एकाच वाक्यांत आलीं आहेत. देवानें मनुष्यास एदेन बागेंत नेऊन ठेविलें, तेथें 'पुट' आहे; आणि त्या बागेची मशागत व राखण करण्यास ठेविलें, त्यांतील राखण करण्यास 'कीप' आहे. नेऊन ठेवण्याचें काम एकदांच झालें. राखणीचें काम मात्र रोजचें. 'कीप' म्हणजे केवळ ठेवणें नव्हे, ठेवलेलें सांभाळणें, हा अर्थ येथें स्पष्ट दिसतो.

हा मुख्य अर्थ मनांत धरिला म्हणजे या क्रियापदाचे इतर प्रयोग पाठ करण्याचें कारण उरत नाहीं. वचन पाळणें म्हणजे 'कीप अ प्रॉमिस', कारण तें मोडूं द्यावयाचें नसतें. गुपित राखणें म्हणजे 'कीप अ सीक्रेट', कारण तें फुटूं द्यावयाचें नसतें. गाई पाळणें, हिशेब ठेवणें, दुकान चालविणें, या सर्वांस इंग्रजींत 'कीप' चालतें, कारण या सर्वांत रोजची काळजी आहे. मोहाचीं फुलें ओलीं असतां टिकत नाहींत, वाळविलीं म्हणजे पुष्कळ दिवस टिकतात. हें टिकणेंहि इंग्रजींत 'कीप' च होय. पावसाळ्यांत पर्लकोटा नदीस पूर येऊन भामरागडचा रस्ता बंद होतो. पाऊस पडतच राहिला, हें 'इट केप्ट रेनिंग' असें सांगावें. आणि पुरानें आम्हांस जाऊं दिलें नाहीं, हें 'द फ्लड केप्ट अस फ्रॉम गोइंग' असें.

उलट, मराठींत 'ठेवणें' आलें म्हणजे इंग्रजींत 'कीप' येईलच असें नाहीं. विश्वास ठेवणें म्हणजे 'ट्रस्ट'. 'कीप फेथ' म्हणजे दिलेल्या शब्दास जागणें. मुलाचें नांव ठेवणें म्हणजे 'नेम'. आणि दुसऱ्यास नांवें ठेवणें म्हणजे 'फाइंड फॉल्ट'. मोल्सवर्थ यांनीं आरंभिलेला इंग्रजी-मराठी कोश कँडी यांनीं इ. स. १८४७ मध्यें पुरा केला. तेव्हांपासून कोश आपल्या हातीं आहे. परंतु कोशांतील पहिलाच अर्थ उचलून पुढें जाण्याची घाई शब्दज्ञानास घातक होते.

ही घाई केवळ गुण घालविते असें नाहीं. आमच्या भागांत धान व कापूस पिकतो आणि फवारणीचीं औषधें पुष्कळ घरांत असतात. त्यांच्या डब्यावर चौकोनांत विषाची तीव्रता दाखविणारा रंग असतो : लाल सर्वांत भयंकर, मग पिवळा, निळा व हिरवा. त्याजवळ 'कीप आउट ऑफ द रीच ऑफ चिल्ड्रन' अशी सूचना छापलेली आढळते. अर्धवट शिकलेला मुलगा त्यांतून 'ठेवा' आणि 'मुलें' एवढेंच उचलील, तर अर्थ उलटा होईल. खरा अर्थ असा : मुलांचा हात पोंचणार नाहीं अशा जागीं हें सदैव असूं द्यावें. येथें 'पुट' असतें तर एकदां फळीवर ठेवून काम संपलें असतें. 'कीप' आहे म्हणून फवारणीहून आल्यावर डबा ओसरीवर क्षणभरहि राहतां कामा नये. इ. स. २०१७ मध्यें शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें शेतकरी व शेतमजूर मृत्यु पावले, हें आपण विसरूं नये.

आपल्या रानाशींहि या शब्दाचें नातें आहे. 'रिझर्व्ह' आणि 'कन्सर्व्ह' हे दोन्ही शब्द राखणें या अर्थाच्या एकाच लॅटिन धातूपासून निघाले आहेत. 'राखीव जंगल' हें आपलें भाषांतर म्हणूनच यथार्थ आहे. पूर्वीच्या चांदा जिल्ह्यांतून इ. स. १९८२ मध्यें गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. त्यांतील धानोरा तालुक्यांतल्या मेंढा-लेखा या गोंड गांवास, इ. स. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वयें, इ. स. २००९ मध्यें आपल्या सामूहिक वनाचा हक्क मिळाला. त्या कायद्यांत वनोपज वेंचण्याचा हक्क आहे, तसाच वन राखण्याचाहि आहे. कायद्यांतील क्रियापदें ज्यास नीट समजतात, त्यास आपला हक्क व आपलें कर्तव्य हीं दोन्ही समजतात.

पालकांस आमची एक विनंति आहे. आज सायंकाळीं घरांतील औषधाच्या बाटल्या व डबे काढून त्यांवरील इंग्रजी सूचना मुलाकडून मोठ्यानें वाचवून घ्याव्या, आणि घरांत जी भाषा बोलली जाते, मग ती मराठी असो, गोंडी, माडिया वा तेलुगू असो, तिच्यांत त्यास अर्थ सांगावयास लावावें. वाचून झाल्यावर डबे परत उंच जागीं ठेवावे, आणि ते तेथेंच राहतील याची काळजी घ्यावी. पहिल्या कामास इंग्रजींत काय म्हणतात व दुसऱ्यास काय म्हणतात, हें आतां मुलगाच सांगेल.