वही की काउंटर? नाक्यावरचा हिशेब

नवरात्रातली टेंभी नाक्याची गर्दी आठवा. आनंद दिघेंनी १९७८ साली सुरू केलेला हा उत्सव, आणि दर्शनाची ती न संपणारी रांग! आता गेटवरच्या पोराला सांगा, येणाऱ्या प्रत्येकाचं नाव, गाव, वेळ वहीत लिही. वही संपेल, पोरगं वैतागेल, रांग तुंबेल. पण हातात टिकटिक काउंटर दिला तर? तो रात्रभर मोजत बसेल, नो टेन्शन!

सर्व्हरच्या फायरवॉलचा फंडा सेम आहे. नाक्याजवळच्या एका छोट्या ऑफिसात माझा मित्र सर्व्हर सांभाळतो. एक दुपार मी त्याच्या स्क्रीनसमोर बसले. लिनक्सच्या आयपीटेबल्समध्ये प्रत्येक नियमापुढे दोन आकडे दिसतात: किती पॅकेट्स आणि किती बाइट्स. हा झाला काउंटर. लॉग म्हणजे वही: कुठल्या आयपीवरून, कुठल्या पोर्टवर, किती वाजता.

गोची इथेच आहे. कुणी मुद्दाम लाखो पॅकेट्सचा मारा केला, की लॉग फुगतो, डिस्क भरते आणि सर्व्हर आडवा! म्हणून लॉगला लिमिट लावतात. तुम्ही आकडा दिला नाहीत, तर सुरुवातीला पाच नोंदी, मग तासाला सरासरी तीन.

"पण लिमिट फक्त लॉगच्या नियमाला," मित्र म्हणाला. "अडवायच्या नियमाला लावलीस, तर जास्तीचे पॅकेट्स त्याला न लागता पुढे सटकतात." म्हणजे वही भरली म्हणून गेट उघडं!

आणि लॉगमध्ये पाचच नोंदी दिसल्या म्हणून हुश्श करू नका. अडवणाऱ्या नियमाचा काउंटर बघा. तिथे पन्नास हजार असतील, तर मामला सीरियस आहे. वही सांगते कोण आलं, काउंटर सांगतो किती आले. दोन्ही हवेत. काउंटर झीरो करण्याआधी किंवा मशीन रीस्टार्ट करण्याआधी आकडे सेव्ह करा, नाहीतर गेले.

एवढा खटाटोप कशाला? ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला आणि ९४ कोटींहून जास्त रुपये गेले. अकरा जण कोर्टात दोषी ठरले ते थेट २०२३ मध्ये. तपास असा वर्षानुवर्षं चालतो. तोवर पुरावा टिकायला नको?

सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार कंपन्यांनी लॉग १८० दिवस सांभाळायचे आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची. उलट बऱ्याच लिनक्स सर्व्हरवर चार आठवड्यांपेक्षा जुने लॉग पुसायची सेटिंग तयारच येते. कुठे २८ दिवस, कुठे १८०! म्हणून सेटिंग बदलायची आणि लॉगची एक कॉपी दुसऱ्या मशीनवर पाठवत राहायची. चोर सर्व्हरमध्ये शिरलाच, तर आधी वहीच फाडतो.

सोमवारी ऑफिसात गेलात की तुमच्या सिस्टिमवाल्याला चहा पाजा आणि एकच विचारा, "बॉस, आपले लॉग किती दिवस राहतात?" उत्तराआधी तो थबकला, तर दुसरा चहा मागवा. गप्पा लांबणार आहेत.