नवोदित चित्रकाराच्या मूळ चित्राची खरेदी : एक कारणमीमांसा
(विशेष संदर्भ : अमरावती व अकोला)

प्रस्तावना
वऱ्हाडातील सुशिक्षित कुटुंब घर बांधताना फरशी, फर्निचर व रंगकाम यांवर मुक्तहस्ते खर्च करते. दिवाणखान्याच्या भिंतीवर मात्र बहुधा छापील चित्रच येते. महाविद्यालयांची स्थितीही फारशी वेगळी नाही. सत्कारासाठी शाल, श्रीफळ व स्मृतिचिन्ह यांची तरतूद असते, चित्राची नसते. परिणामी अमरावती-अकोल्यात चित्रकला शिकलेल्या तरुणाला आपल्याच गावात पहिला ग्राहक मिळणे कठीण जाते. असे मूळ चित्र का विकत घ्यावे, याची कारणे प्रस्तुत लेखात मांडली आहेत.

ऐतिहासिक संदर्भ
अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासर येथे १९१७ साली जन्मलेले हरी अंबादास गाडे हे मुंबईत १९४७ साली स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या सहा संस्थापकांपैकी एक होत. सूझा, रझा, हुसेन, आरा व बाकरे हे त्यांचे सहकारी. या मंडळींना पुढे मिळालेली प्रतिष्ठा तेव्हा नव्हती. युरोपातून मुंबईत आलेले समीक्षक रुडी फॉन लायडन व संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंगर यांनी त्यांना आरंभीच्या काळात आधार दिला. डॉ. होमी भाभा यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेसाठी समकालीन चित्रकारांची चित्रे विकत घेतली. विज्ञानसंस्थेने चित्रसंग्रह उभारावा, ही बाब शिक्षणसंस्थांनी विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

खरेदीची कारणे
१) पहिल्या खरेदीची रक्कम थेट चित्रकाराच्या हाती पडते. नागपूर येथे १९२४ साली जन्मलेल्या वासुदेव गायतोंडे यांचे २००१ साली निधन झाले. २०१५ साली मुंबईतील लिलावात त्यांच्या एका चित्रास २९ कोटी रुपयांहून अधिक किंमत आली. ती पाहण्यास चित्रकार हयात नव्हता. उलट, उमेदीच्या काळात मिळालेल्या काही हजारांतून पुढील कॅनव्हास, रंग व चौकटी येतात. वऱ्हाडातून सुमारे साडेसहाशे किलोमीटरवरील मुंबईत प्रदर्शन भरवायचे, तर वाहतूक व दालनाचे भाडे यांचा भार वेगळाच.

२) छापील प्रतीत रंगाच्या थरांची जाडी, कुंचल्याचा जोर व मूळ आकारमान उतरत नाही. विद्यार्थ्यांना ते प्रत्यक्षच पाहावे लागते.

३) काळी जमीन, कपाशीचे शेत, मेळघाटचे डोंगर यांचे आजचे रूप येथे राहणारा चित्रकार जवळून टिपतो. अशी चित्रे येथेच राहिली, तर प्रदेशाचा दृश्य-दस्तऐवज तयार होतो.

४) चित्रकार याच गावचा असल्याने त्याच्याशी संवाद शक्य होतो. वर्गात येऊन तो स्वतःच्या चित्राविषयी बोलू शकतो.

मर्यादा व दक्षता
नवोदिताचे चित्र ही खात्रीची गुंतवणूक नव्हे. बहुतांश चित्रांची किंमत कधीच कोटींत जात नाही. म्हणून आवडलेले चित्रच घ्यावे. चित्राचे शीर्षक, माध्यम, आकार व वर्ष नमूद असलेली, चित्रकाराच्या स्वाक्षरीची पावती घ्यावी. चित्र विकत घेतल्याने केवळ ती वस्तू ग्राहकाची होते. वेगळा लेखी करार नसल्यास प्रती छापण्याचा हक्क सामान्यतः चित्रकाराकडेच राहतो. महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी त्याची अनुमती घेणे म्हणूनच उचित. अकोल्याच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. थेट उन्हाची भिंत व कूलरची ओलसर हवा या दोहोंपासून चित्र दूर ठेवावे. कागदावरील जलरंगांस काच आवश्यक आहे.

निष्कर्ष
गाडे यांना तळेगावाहून मुंबईस जावे लागले व त्यांची गुणग्राहकता तेथे झाली. आजच्या नवोदितास पहिला ग्राहक अमरावती-अकोल्यातच लाभावा, यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. वर्षभरातील काही स्मृतिचिन्हांच्या खर्चात एक मूळ चित्र येऊ शकते. स्मृतिचिन्ह पाहुण्याच्या कपाटात जाते. चित्र मात्र महाविद्यालयाच्या भिंतीवर राहते, आणि ते काढणाऱ्यास दुसरे चित्र काढण्याचे बळ मिळते.