देहाची मुदत

जन्माच्या दाखल्यावर पुरुष म्हणून नोंद झालेली, परंतु अंतःकरणाने स्त्री असलेली व्यक्ती जेव्हा दीर्घ विचाराअंती, पुष्कळदा घरच्यांचा रोष पत्करून, स्त्री-संप्रेरकांचे उपचार सुरू करते, तेव्हा वर्षानुवर्षे साचलेली तिची आकांक्षा त्या लहानशा गोळीवर एकवटलेली असते; आणि म्हणूनच सहा महिने लोटले तरी आरशातील चेहरा फारसा बदललेला दिसत नाही, तेव्हा होणारी निराशा केवळ औषधापुरती राहत नाही, तर आपल्या स्त्रीत्वातच काही उणे आहे की काय, अशी दारुण शंका बनून मनाला ग्रासू लागते. ही शंका निराधार आहे, हे सांगण्यासाठी प्रथम या उपचारांचे स्वरूप समजून घेतले पाहिजे.

या उपचारांत इस्ट्रॅडिओल हे स्त्री-संप्रेरक दिले जाते आणि बहुधा त्याच्या जोडीला स्पायरोनोलॅक्टोन किंवा सायप्रोटेरोन यांसारखे टेस्टोस्टेरॉनचा प्रभाव रोखणारे औषध असते. अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटीने 2017 साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार त्वचेचा मऊपणा, स्नायूंची घट, चरबीची नवी मांडणी आणि स्तनांची वाढ यांचा आरंभच तीन ते सहा महिन्यांनी होतो; त्यांपैकी चरबीचे स्थलांतर आणि स्तनांची वाढ पूर्णत्वास जाण्यास दोन ते तीन वर्षे लागतात, आणि अंगावरचे राठ केस विरळ होण्यास तर तीन वर्षांहूनही अधिक काळ जातो. पौगंडावस्थेतील वाढीचे टप्पे अभ्यासणारे जेम्स टॅनर यांनी आपल्या सहकाऱ्यासह 1969 साली मुलींच्या वाढीविषयी जे संशोधन मांडले, त्यातही स्तनांच्या विकासाला सामान्यतः काही वर्षे लागतात आणि मुलीमुलींत त्याची गती भिन्न असते, असेच दिसून आले. जी सवड आपण तेरा वर्षांच्या मुलीच्या देहाला कुरकुर न करता देतो, तीच तिशीतल्या पारलिंगी स्त्रीच्या देहालाही द्यावयास हवी.

गतीप्रमाणेच फळही सर्वांना सारखे मिळत नाही. एकाच डॉक्टरांकडे, त्याच औषधाच्या त्याच मात्रेवर असलेल्या दोन मैत्रिणींपैकी एकीच्या देहात ठळक बदल व्हावा आणि दुसरीच्या देहात अल्पसा, यामागे आनुवंशिकता, वय, शरीराची ठेवण आणि संप्रेरकाला पेशींनी दिलेला प्रतिसाद अशी कारणे संभवतात. त्यांत कोणाचा दोष नसतो. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासात, पहिल्या वर्षातील स्तनांची वाढ बेताचीच असते आणि रक्तातील इस्ट्रॅडिओलच्या पातळीवरून तिचे भाकीत करता येत नाही, असे आढळले. म्हणजे इस्ट्रॅडिओल प्रति मिलिलिटर 100 ते 200 पिकोग्रॅम आणि टेस्टोस्टेरॉन प्रति डेसिलिटर 50 नॅनोग्रॅमच्या खाली, ही रक्ततपासणीची अपेक्षित मर्यादा गाठली गेली असेल, तर मात्रा वाढवून मुदत आखूड होईल, ही आशा फोल ठरते.

तरीही हा मोह अनावर होतो, आणि दवाखान्यात वाट्याला आलेल्या अवहेलनेमुळे ज्यांचा डॉक्टरांवरील विश्वास उडाला आहे, त्या औषधांच्या दुकानातून गर्भनिरोधक गोळ्या आणून अनेकपटीने घेतात. या गोळ्यांपैकी पुष्कळांत असणारे इथिनाइल इस्ट्रॅडिओल रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढवते, म्हणून या उपचारांसाठी ते वापरू नये, असेच तज्ज्ञ सांगतात. धूम्रपानाने हा धोका आणखी वाढतो. एका पायाला अचानक सूज येणे, छातीत दुखणे किंवा धाप लागणे अशी लक्षणे दिसताच क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी तपासणी करण्याची तजवीज याच दक्षतेसाठी आहे; आणि बदल खरोखरच खुंटला आहे असे वाटल्यास औषध किंवा ते घेण्याची रीत बदलावी काय, याचा फैसलाही तेथेच व्हावा.

काही गोष्टी मात्र संप्रेरकांच्या अखत्यारीतच येत नाहीत. तारुण्यात फुटलेला आवाज आणि घडून गेलेला हाडांचा सांगाडा औषधाने पालटत नाही, आणि दाढीचे केस मंदावले तरी बहुधा नाहीसे होत नाहीत. आवाजासाठी वाचोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली नियमित सराव, दाढीसाठी लेसर आणि लेसर ज्यांवर चालत नाही त्या पांढऱ्या केसांसाठी इलेक्ट्रोलिसिस, असे स्वतंत्र मार्ग आहेत. त्यांना आरंभ केल्याने प्रतीक्षेचा काळ निष्क्रिय राहत नाही, ही मनाच्या स्वास्थ्याच्या दृष्टीने मोठीच जमेची बाजू होय. रोज आरसा निरखण्याऐवजी तीन-तीन महिन्यांनी, एकाच उजेडात छायाचित्र काढून ठेवावे, म्हणजे नजरेतून निसटलेला सूक्ष्म बदलही ध्यानी येतो. झोप उडाली, जगणे नकोसे वाटू लागले, तर विनासंकोच समुपदेशकाकडे जावे. पारलिंगी व्यक्तींसाठी संमत झालेल्या 2019 च्या कायद्यात संप्रेरकोपचारांपूर्वी आणि नंतरही समुपदेशनाची तरतूद आहे. घरच्यांनीही ‘काही फरक पडला का?’ असे वारंवार विचारण्यापेक्षा तिला तिच्या नावाने हाक मारावी. ते एक कृत्य कोणत्याही औषधाआधी गुण देते.

सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी दिलेल्या निकालात लिंगओळख ठरविण्याचा अधिकार ज्याचा त्यालाच आहे असे मान्य केले, आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालणे अनैतिक व बेकायदा ठरविले. न्यायासनाने जी गोष्ट देहाच्या बदलावर अवलंबून ठेवली नाही, ती पारलिंगी स्त्रीने स्वतःही आरशावर अवलंबून ठेवू नये. औषधाचे काम तिला स्त्री ठरविण्याचे नसून, ती जी आहेच तिला आपल्या देहात सुखाने नांदता यावे, एवढे आहे. आणि त्या कामाला लागेल तितकी मुदत देण्यात तिची कोणतीही हार नाही.